पाचशे साठ किलोंची गाडी आणि जिप्सीचे कागद

वाचकाचं पत्र :

काका, नमस्कार. मी ३१ वर्षांचा, राजेंद्र नगरला आई-बाबांसोबत राहतो, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. उघडी, बुटकी, दोन सीटची स्पोर्ट्स गाडी असावी हे लहानपणापासूनचं वेड. आता देवास नाक्याच्या बाजूला एका गॅरेजवाल्याकडे तशी गाडी विकायला आहे. त्यानेच दहा वर्षांपूर्वी कुणासाठी तरी बांधली होती. पाइपांची चेसिस, फायबरची बॉडी. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल मारुती जिप्सीचा. वजन म्हणे ५६० किलो. सात लाख मागतोय. "भिया, कागज जिप्सी के हैं, एकदम साफ. आरटीओ का कोई टेंशन नहीं," असं सांगतो. मी आजवर स्टेपनीसुद्धा स्वतः बदललेली नाही. बाबा म्हणतात, वेड लागलंय. बायको म्हणते, घे की, पण संध्याकाळी घरी परत यायला हवंस. घ्यावी का? घेतली तर सांभाळायची कशी?
— राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर :

आधी उत्तर देतो, कारणं मागून. रस्त्यावर चालवायला ही गाडी घेऊ नकोस. बंद जागेत चालवायला, शिकायला, हात काळे करायला हवी असेल तर घे. पण सात लाखांत नको आणि पुढे लिहितोय ते तपासल्याशिवाय नको.

"कागद जिप्सीचे आहेत" हे तो भरवसा म्हणून सांगतोय. मला तीच मोठी अडचण दिसते. जिप्सीला शिडीसारखी स्वतंत्र चेसिस असते आणि चेसिस नंबर त्या चेसिसवर ठोकलेला असतो. या गाडीत ती चेसिसच नाही, पाइपांचा सांगाडा आहे. मग आरसीवरचा नंबर आता कुठे आहे? एक तर गाडीवर कुठेच नाही, किंवा जुन्या चेसिसचा तेवढा तुकडा कापून पाइपवर वेल्ड केलाय, किंवा नव्याने ठोकलाय. यातली कोणतीही गोष्ट निघाली तरी ती आरसी या गाडीची नाही. ती अशा एका जिप्सीची आहे जी आता जगात नाही. गाडी मोडून टाकली की मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि नोंदणी रद्द करून घ्यायची, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. इथे ते झालेलं दिसत नाही.

आरसीतली बाकीची माहितीही जुळणार नाही. रिकामं वजन घे. जिप्सी किंगचं वजन ९८५ किलोंच्या आसपास, तुझी गाडी ५६०. सीटची संख्या वेगळी, बॉडीचा प्रकार वेगळा. कंपनीने नोंदवलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी दिसेल असा बदल करता येत नाही, हे कलम ५२ मध्ये आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्यात नियमाबाहेरच्या दर बदलामागे मालकाला पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. लक्षात घे, शिक्षा मालकाला आहे. बांधणारा तोवर पैसे घेऊन मोकळा झालेला असेल.

दंड भरून माणूस सुटतो, म्हणून खरी भीती मला विम्याची वाटते. उद्या रिंग रोडवर एखादा स्कूटरवाला तुझ्या गाडीखाली आला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेयरने आरसी उघडली, की कागदावरची गाडी आणि समोरची गाडी यांचा काही संबंध नाही हे त्याला मिनिटभरात कळेल. कंपनीने हात वर केले, तर त्या माणसाच्या दवाखान्याचा आणि पुढच्या आयुष्याचा खर्च तुझ्या पगारातून, बाबांच्या घरातून जाईल. तुझ्या बाबांना कलमं ठाऊक नसतील, पण धोका त्यांनी बरोबर ओळखलाय.

आणखी एक तारीख बघून ठेव. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी गाडी समोर नेऊन उभी करावी लागते. जिप्सी सामान्य गिऱ्हाइकांना मिळणंच २०१९ च्या सुमारास बंद झालं. म्हणजे ही आरसी आज नाही तर थोड्या वर्षांत तपासणीला जाणारच. एमपी ०९ ची पाटी लावून ही गाडी तपासणीच्या रांगेत उभी आहे, असं डोळ्यांसमोर आण. त्या गॅरेजवाल्याला विचार, तेव्हा तू माझ्यासोबत येशील का?

तू म्हणशील, विलायतेत तर लोक असल्या गाड्या घरी बांधतात आणि बिनधास्त रस्त्यावर फिरवतात. खरं आहे. ज्या गाडीचं चित्र तुझ्या डोक्यात आहे ती कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीची सेव्हन, १९५७ ची. तयार गाडीवर ब्रिटनमध्ये तेव्हा परचेस टॅक्स होता, सुट्या भागांच्या किटवर नव्हता. म्हणून चॅपमन ती खोक्यांत भरून विकायचा आणि माणसं घरच्या गॅरेजात जोडायची. किटसोबत जोडणीची पुस्तिका दिली तर कर लागायचा, म्हणून त्याने गाडी सुटी कशी करायची याची पुस्तिका दिली आणि लोकांनी ती उलटी वाचली, असं सांगतात. १९७३ मध्ये तिथे व्हॅट आला आणि ही सोय संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमने घेतले आणि ती गाडी ते आजही बनवतात. २०१३ च्या सुमाराला त्यांनी सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन घालून एक सेव्हन काढली होती. ८० हॉर्सपॉवर, वजन ४९० किलो. छोटं सुझुकी इंजिन आणि हलकी गाडी हे जमतं, एवढं तुझ्या गॅरेजवाल्याच्या बाजूने मला मान्य आहे.

पण तिथे एकट्याने बांधलेल्या एकाच गाडीलाही तपासून नंबर देणारी सरकारी चाचणी आहे. तिथला निरीक्षक सीट-बेल्टच्या बोल्टपासून बॉडीच्या टोकदार कडेपर्यंत सगळं बघतो. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमातला १२६ वा नियम कंपनीने बनवलेल्या नमुना गाडीसाठी आहे. पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट असल्या संस्था तो नमुना तपासतात आणि मग त्या नमुन्यासारख्या गाड्या विकता येतात. एकट्या हौशी माणसाला घरची गाडी घेऊन शिरता येईल असं दार त्यात नाही. आपल्या घराजवळ, पिथमपूरला, ११.३ किलोमीटर लांबीचा नॅट्रॅक्सचा हायस्पीड ट्रॅक २०२१ पासून सुरू आहे, पण तोही कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे. याचं मला खरंच वाईट वाटतं. या शहरात लोखंडाला आकार देणारे इतके चांगले हात आहेत की कडक पण खुली अशी एक चाचणी असती, तर इथून उत्तम गाड्या रस्त्यावर आल्या असत्या. पण ती नाही, आणि नसताना ती आहे असं धरून तू चालू नयेस.

आता दुसरी वाट. गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. टो ट्रकवर किंवा ट्रेलरवर चढवून न्यायची, मालकाची लेखी परवानगी असलेल्या बंद जागेत चालवायची आणि तशीच परत आणायची. कुणाचं शेत, बंद पडलेल्या कारखान्याचं आवार, एखाद्या संस्थेचं मोठं मैदान, असं शोधलं तर मिळतं. एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेने होणारे ऑटोक्रॉसही, म्हणजे मोकळ्या मैदानात कोन मांडून होणाऱ्या वेळेच्या शर्यतीही, बघून ठेव. कायमचे ट्रॅक आपल्यापासून लांब आहेत. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट सुमारे आठशे किलोमीटरवर, कोइम्बतूर आणि चेन्नईचे तर कितीतरी पुढे. वर्षातून एखादी खेप जमेल. पण पहिल्या वर्षी तुला ट्रॅकची गरजही नाही. शंभर मीटर मोकळी जागा आणि चार प्लास्टिकचे कोन पुरेत.

या कामासाठी घेणार असशील तर ती गाडी नाही, सुटे भाग आणि एक सांगाडा आहे असं धरून किंमत कर. कागदांची किंमत शून्य. मी तीन लाखांच्या वर जाणार नाही, आणि तेही चेसिस चांगली निघाली तरच. जुनी आरसी स्वतःच्या नावावर करून घेऊ नकोस. ती नोंदणी रद्द करण्याचं काम आरसीवर ज्याचं नाव आहे त्याचं. ते आधी करून त्याची पावती दे, मग पैसे, असं ठाम सांग. त्यावर विकणारा का-कू करायला लागला, तर तिथेच चहा पिऊन परत ये.

आता गाडी कशी बघायची ते. इथे मी जरा लांबड लावणार आहे, कारण नवखा माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, बॉडीचा रंग बघतो आणि भुलतो. जिप्सीचं इंजिन बिघडलं तर आपल्या गावात दहा मिस्त्री ते बांधून देतील. चेसिस वाकडी असली तर ती कुणी सरळ करून देणार नाही. कंपनीच्या गाडीत चार इंजिनिअरांनी तपासलेला पत्रा तुझ्या आणि रस्त्याच्या मध्ये असतो. इथे एका माणसाचं वेल्डिंग असतं, दुसरं काही नाही.

सपाट फरशी असलेल्या जागी गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर, घ्यायला लाव. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली शिरायचं नाही, हे आज आणि कायमचं. ओळंबा, खडू आणि मेजर टेप घेऊन जा. सस्पेन्शनचे आर्म चेसिसला जिथे लागतात त्या प्रत्येक ठिकाणाहून ओळंबा सोड आणि फरशीवर खूण कर. मग डावं-उजवं अंतर आणि दोन्ही कर्ण मोज. कर्णांत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर चेसिस बांधतानाच चुकलीय किंवा गाडी कुठेतरी आपटलीय. अर्ध्या तासाचं काम आहे, बायकोने टेपचं दुसरं टोक धरलं तरी होतं, आणि यात जे कळतं ते कुठल्याही टेस्ट ड्राइव्हमध्ये कळत नाही.

मग वेल्डिंग बघ. चांगला सांधा सलग, एकसारख्या लहरींचा दिसतो. बुडबुडे, खड्डे, पाइपची कड खाल्लेली जागा दिसली की थांब. ग्राइंडर मारून, पुट्टी भरून गुळगुळीत केलेल्या सांध्यावर तर जास्तच संशय घे. सेव्हनच्या धर्तीच्या घरगुती गाड्यांत बहुतेक एक इंच चौकोनी, १६ गेजचा म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीचा पाइप असतो. खिडक्यांच्या ग्रिलला वापरतात तो लोहामंडीतला पातळ पाइप घातला असेल तर ती गाडी सोडून दे. तळाचे पाइप छोट्या हातोडीने हलके ठोकत जा. खणखणीत आवाज यायला हवा; जिथे बद्द वाजेल तिथे आत गंज आहे. आपला पावसाळा चार महिन्यांचा, आणि उघड्या गाडीत पडलेलं पाणी तळाच्या पाइपातच साठतं. सस्पेन्शनच्या ब्रॅकेटच्या मुळाशी केसासारखी चीर असते. ती नुसत्या डोळ्याला चुकते, म्हणून जागा रॉकेलने पुसून, वाळवून टॉर्चच्या उजेडात बघ. पोलोग्राउंड किंवा सांवेर रोडवर तीस वर्षं वेल्डिंग केलेला एखादा कारागीर दिवसाची मजुरी देऊन सोबत ने. गाडीतलं त्याला कळत नसेल, पण सांधा कसा आहे ते तो लांबूनच ओळखेल.

"जिप्सीचं इंजिन" म्हणजे नेमकं कुठलं तेही विचार. १९८५ च्या जिप्सीत ९७० सीसीचं, ४५ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. १९९६ ला १२९८ सीसीचं कार्ब्युरेटरवालं आलं, साधारण ६० हॉर्सपॉवर. २००० च्या सुमारास तेच एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोल फवारणारं, होऊन ८० झालं. विकणारे सगळे ८० च सांगतात. एमपीएफआय असेल तर ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर आणि वायरिंग मूळचं आहे की तोडून जोडलंय ते बघ. नवख्या माणसाला खरं तर कार्ब्युरेटर बरा, उघडून बघता येतो. टायमिंग बेल्ट कधी बदललाय हे कागदावर नसेल तर बदललेलाच नाही असं समज आणि घेतल्याच्या आठवड्यात तो टेन्शनरसकट बदल.

मागचा अ‍ॅक्सल जिप्सीचा आहे म्हणतोस. तो मजबूत आहे, पण जड आहे. हजार किलोंच्या जीपमध्ये तो शोभतो. ५६० किलोंच्या गाडीत, कडक स्प्रिंगवर, खड्डा आला की मागची बाजू उडते आणि वळणावर उडाली तर टायरची पकड सुटते. जिप्सीचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, तसेच्या तसे लावलेत का बघ. लावले असतील तर बांधणाऱ्याने विचार केलेला नाही.

फायबर बघताना कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा कुठे आहेत ते बघ. बिजागरी, बोल्ट आणि दिव्यांच्या भोवती असतील तर बॉडी नीट बसवलेली नाही, चेसिसची पीळ बॉडी सोसतेय. बाकी फायबर दुरुस्त होतं, त्याची फार चिंता करू नकोस. हे आपल्या देशाला नवंही नाही. बंगळूरच्या सिपानी कंपनीने १९८२ मध्ये ८४८ सीसीचं रिलायंट इंजिन आणि फायबरची बॉडी असलेली डॉल्फिन काढली होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन घातलेली दोन सीटची सॅन स्टॉर्म आली, तीही फायबरचीच. रस्त्यावर चालवायची हलकी, वेगळी गाडी हवीच असेल, तर खऱ्या कागदांची सॅन स्टॉर्म शोध असं मी कुणालाही सांगेन. सुटे भाग शोधताना दमशील, पण रात्री झोप लागेल.

आपल्या इंदूरच्या महाराजा यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग जगभरातल्या गाडीवेड्यांना माहीत आहे. चेसिस अमेरिकेतली, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली, १९३६ च्या सुमाराची. म्हणजे एकाची चेसिस आणि दुसऱ्याची बॉडी ही हौस या गावाला ठाऊक आहे. पण दोन्ही कामं त्या-त्या कामातल्या उत्तम माणसांनी केली होती.

आता माझी एक गोष्ट सांगतो. १९९३ साली मी आणि एका मित्राने ओम्नीचं इंजिन आणि मागचा अ‍ॅक्सल घेऊन अशीच दोन सीटची गाडी बांधली. सांवेरजवळ त्याच्या शेतातल्या कच्च्या रस्त्यावर चालवायचो. एका सप्टेंबरमध्ये, ताशी पन्नासच्या आसपास असताना, ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल सरळ खाली गेलं. ऑईल पूर्ण होतं, पाइप शाबूत होते. पेडल आणि मास्टर सिलिंडर जोडणाऱ्या पिनमधली स्प्लिट पिन मी घातलीच नव्हती. "उद्या घालतो" म्हणून एक तार वळवून ठेवली होती आणि विसरलो होतो. ती तार झिजून तुटली आणि पिन बाहेर आली. गाडी उभ्या सोयाबीनमध्ये शिरली, चिखलाने थांबली. शेजारी मित्राचा धाकटा भाऊ बसलेला होता. त्याला काही झालं नाही. पण त्यानंतर आजपर्यंत मी तात्पुरती तार कुठेही वळवलेली नाही, आणि पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये शिकवत होतो तोवर दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना हीच गोष्ट सांगितली.

म्हणून गाडी घरी आली की पहिला महिना चालवायची नाही. प्रत्येक नट-बोल्ट स्वतःच्या हाताने तपासायचा. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराइतकाच नट आवळणारा पाना, घे. स्वस्तातला नको, पानांच्या सेटमध्ये काटकसर कर पण इथे नाही. सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेकचे सगळे नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, नट नवे घाल. नायलॉक एकदा काढला की त्याची पकड गेली, तो परत वापरायचा नसतो. घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टवर नटापासून पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढ. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. स्पॅनर न लावता दोन मिनिटांत सगळी गाडी तपासून होते. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळं पुन्हा घट्ट कर, मग दर खेपेआधी रेघा बघ. हलकी गाडी थरथरते फार, आणि थरथरीने बोल्ट सैल होतातच.

ब्रेक ऑईल घेतल्या दिवशी बदल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी मुरलेलं ऑईल तापलं की उकळतं आणि पेडल स्पंजासारखं होतं. पुढे दर वर्षी, पावसाळा संपला की बदलत जा. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बसवलेला नसेल तर पेडल कडक लागेल, ते बिघाडाचं लक्षण नाही. कोणतं चाक आधी जाम होतं हे मात्र स्वतः बघ. जिप्सीचे ब्रेक उंच आणि जवळजवळ दुप्पट जड गाडीसाठी आहेत. ओल्या मोकळ्या मैदानात ताशी तीसवर जोरात ब्रेक मार आणि बाहेर कुणाला तरी बघायला उभं कर. पुढची चाकं आधी जाम झाली तर गाडी सरळ घसरेल, तेवढं चालेल. मागची आधी झाली तर गाडी गरकन फिरेल. मग मागच्या लाइनचं प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय वेग वाढवायचा नाही.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ०८१६ म्हणजे २०१६ चा आठवा आठवडा. हलक्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हणून लोक बदलत नाहीत, आणि रबर मात्र दगड झालेलं असतं. दहा वर्षांचे टायर नक्षी शाबूत असली तरी फेकायचे. हवा जिप्सीइतकी भरायची नाही. सेव्हनसारख्या गाड्यांत अठरा-वीस पीएसआय पुरते. जास्त भरलीस तर टायर मधल्या पट्ट्यावरच टेकेल.

इंदूरच्या मे महिन्यात पारा बेचाळीसला जातो आणि बुटक्या नाकामागचा छोटा रेडिएटर धापा टाकतो. साधं पाणी नाही, कूलंटच. भरताना हवा नीट काढ, कारण या गाड्यांत रेडिएटर इंजिनापेक्षा खाली असतो आणि हवा इंजिनाच्या वरच्या भागात अडकते. फॅनचा एक वेगळा स्विच डॅशबोर्डवर घे. पेट्रोलचे रबरी पाइपही सगळे नवे घाल, इथेनॉलला टिकणारे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, तडकतं. गरम एक्झॉस्टजवळ पेट्रोलचा पाइप तडकला तर फायबर फार लवकर पेटतं. सीटवरून हात पोचेल असं एक अग्निशामक आणि बॅटरी तोडणारा एक मोठा लाल स्विच, हे दोन्ही पहिल्याच दिवशी.

वायरिंगबद्दल एकच सांगतो. फायबरमधून करंट वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याची, प्रत्येक मोटरची अर्थिंगची तार चेसिसपर्यंत परत न्यावी लागते. दिवा मंद, हॉर्न लावला की फॅन बंद, असले भुताटकीचे प्रकार दिसले की आधी अर्थ बघ. दहापैकी आठ वेळा तिथेच सापडतं.

तुझ्या बायकोच्या अटीकडे येतो. तुझ्या डोक्यामागे रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पाइपाची कमान, असलाच पाहिजे, हेल्मेट घालून बसल्यावर तुझ्या डोक्याहून उंच आणि चेसिसच्या मुख्य पाइपांना जोडलेला. नुसता फायबरवर उभा केलेला शोभेचा नको. चार पट्ट्यांचा हार्नेस खांद्याच्या पातळीला लागलेला हवा. हे कसं करतात ते बघायचं तर पिथमपूरला एसएई इंडियाची बाहा स्पर्धा होते तेव्हा जा. इंजिनिअरिंगच्या पोरांनी स्वतः वेल्ड केलेले पाइपांचे पिंजरे तिथे जवळून बघायला मिळतात. परीक्षक सांधा न् सांधा तपासतात. पोरांना विचारलंस तर तासभर उत्साहाने समजावून सांगतील.

आणि हिशेब लक्षात ठेव. ८० हॉर्सपॉवर ९८५ किलोंना म्हणजे टनाला ८१ हॉर्सपॉवर. तेच ८० हॉर्सपॉवर ५६० किलोंना म्हणजे टनाला १४३. तू बसल्यावर थोडं कमी, पण तरी जिप्सीच्या दीडपट. त्यावर एबीएस नाही, एअरबॅग नाही, काही नाही. पहिले दहा तास फक्त थांबायला शीक. वेग, ब्रेक, थांब. वेग, ब्रेक, वळण, थांब. शेजारी कुणाला बसवू नकोस, बायकोलाही नाही, निदान सहा महिने.

स्टेपनी बदलली नाहीस म्हणतोस, तर सुरुवात आज संध्याकाळी तुमच्या घरच्या गाडीपासून कर. चारही चाकं एकेक करून काढ आणि बसव, नट आडवे-तिडवे घट्ट करायला शीक. बाबांना शेजारी खुर्ची टाकून बसव. मग या रविवारी त्या गॅरेजवाल्याकडे जा, आणि चेसिस नंबर जिथे आहे म्हणेल तिथे चारही बाजूंनी जवळून फोटो काढ, रंग खरवडून दिला तर खरवडलेल्या जागेचाही. मला पाठव. भोवती वेल्डची कड दिसतेय का ते मी बघून सांगतो.